रियुनियन बेटाची सहल: पूर्वतयारीच्या नोंदी

१५ नोव्हेंबर २०२४

परवा बालीची विमानं रद्द झाली. फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी लाकी-लाकी ज्वालामुखी या महिन्याच्या सुरुवातीला फुटला, माणसं दगावली, आणि नंतरच्या उद्रेकांची राख इतकी पसरली की शेकडो किलोमीटर पश्चिमेला असलेल्या देनपसारची उड्डाणं थांबवावी लागली. भारतातून जाणारीसुद्धा. वहिनीच्या ऑफिसातलं एक कुटुंब बॅगा भरून मुंबईत अडकलं.

आमच्याही घरात महिनाभर बालीचंच चाललं होतं, म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर सगळे बसलो. आईचा प्रश्न सरळ होता: "जिथं डोंगर आग ओकतो तिथं मुद्दाम कशाला जायचं?" भाच्याला ज्वालामुखी सोडून दुसरं काही बघायचंच नाही. तो हवाईवर अडून बसला होता. अंतर, व्हिसा आणि खर्च बघून हवाई बाद झालं. अंदमानातलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी, पण तिथं पर्यटकांना उतरू देत नाहीत, बोटीतून लांबून बघायचं.

मग मी माझं म्हणणं मांडलं: रियुनियन. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या नैर्ऋत्येला, हिंदी महासागरातलं फ्रान्सचं बेट. क्षेत्रफळ अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या साधारण एक-षष्ठांश. तेवढ्याशा जागेत पितों दे नेज हे शिखर ३,०७० मीटरवर गेलंय. आपलं कळसूबाई १,६४६. आणि आग्नेय बाजूला पितों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर, जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी एक. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून जास्त उद्रेकांची नोंद आहे.

आईला हे ऐकून धीर कसा येणार? म्हणून कागदावर चित्र काढून समजावलं. इंडोनेशियात एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो. तिथला लाव्हा चिकट, वायू आत कोंडतात आणि डोंगर स्फोटासारखा फुटतो. फुर्नेझचा लाव्हा पातळ बेसाल्टचा. तो भेगेतून उसळतो आणि उतारावरून वाहत जातो. बहुतेक उद्रेक वस्ती नसलेल्या एका प्रचंड खोलगट आवारातच होतात, आणि डोंगरावर कायमची वेधशाळा आहे. जमीन हलू-फुगू लागली की ते आवार बंद करतात. आई म्हणाली, "बंद करतात ना? मग ठीक आहे."

रियुनियनचं खरं कारण मात्र वेगळं आहे. ते नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर जाऊनच सांगायचं ठरवलंय.

१ डिसेंबर २०२४

तारखा. आमच्या घरी कॅलेंडर द्राक्षबागेचं चालतं. दादाची बाग दिंडोरी तालुक्यात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग विरळणी, शेंडा मारणं, काडी पिकवणं. सप्टेंबर संपता संपता गोडी छाटणी (फळासाठीची) सुरू झाली की माल उतरेपर्यंत बागेतून पाय निघत नाही. मोकळीक मिळते ती पावसाळ्यात. डाऊनी-करपा या रोगांवरच्या फवारण्या तेव्हाही असतात, पण त्या आमचे जुने गडी सांभाळतात.

बेटाचं कॅलेंडर उलटं. ते मकरवृत्ताच्या जरा उत्तरेला, २१ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा, पाऊस आणि चक्रीवादळं; मे ते ऑक्टोबर कोरडं आणि गार. जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी आणि फ्रान्समधून येणाऱ्यांची गर्दी, खोल्या महाग. त्यापुढचा काळ सगळ्यात चांगला. अंटार्क्टिकाकडून आलेले कुबडे देवमासे तेव्हा किनाऱ्याजवळ असतात.

दोन्ही कॅलेंडरं एकमेकांवर ठेवली तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उरतो. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. त्यानंतर पितृपक्ष. मला वाटलं आई नाही म्हणेल. ती म्हणाली, "बाबांची तिथी द्वादशीची. ती घरी झाली पाहिजे. बाकी तुम्ही ठरवा." म्हणजे विसर्जनानंतर निघायचं आणि द्वादशीच्या आत परत. मला शाळेतून अर्जित रजा मिळेल, भाचा कॉलेजात हजेरी आधीच जमवून ठेवणार आहे.

२२ डिसेंबर २०२४

आज भाच्याला घेऊन अंजनेरीला गेले. तिथं जाऊन काय बघायचं हे आधी इथं शिकून घ्यायचं, एवढाच हेतू.

सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, कारण प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक प्रवाह. कठीण गाभ्याचा उभा कडा, त्यावर ठिसूळ भागाचा उतार, परत कडा. एका ठिकाणी दोन प्रवाहांच्या मधे विटकरी रंगाचा हातभर थर दिसला. खालचा प्रवाह थंड झाल्यावर बराच काळ उघडा पडला, त्याची झीज होऊन माती झाली, आणि त्या मातीवरून पुढचा लाव्हा आला. भाच्यानं नखानं खरवडलं तर ती लाल भुकटी बोटाला लागली. वरच्या खडकात वाटाण्याएवढी पोकळ छिद्रं होती. लाव्ह्यातून सुटणाऱ्या वायूचे ते बुडबुडे. काही छिद्रांत पांढरी चमकदार सुईसारखी स्फटिकं, म्हणजे झिओलाइट. खडक थंड झाल्यावर पाण्यानं लाखो वर्षं त्या पोकळ्या भरल्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हीच मंडळी मुठीएवढी आणि डोक्याएवढी बघायला मिळतात. रियुनियनच्या ताज्या लाव्ह्यात छिद्रं असतील, पण रिकामी. उलट तिथल्या कित्येक प्रवाहांमध्ये ऑलिव्हीन या खनिजाचे हिरवे कण साध्या डोळ्यांना दिसतात.

मग तिथंच बसून त्याला कारण सांगितलं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा सगळा दख्खन लाव्ह्याखाली गेला. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि घाटमाथ्यावर थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून जास्त. इथल्या थरांच्या एका गटाला भूशास्त्रज्ञ इगतपुरीचंच नाव देतात. पांडवलेणी खोदली तीही याच काळ्या पाषाणात. त्या वेळी भारत कुठं होता? विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथं रियुनियन आहे त्या भागावर. ज्यातून हा लाव्हा आला तो पृथ्वीच्या पोटातला तप्त झोत तिथंच राहिला आणि भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत गेला. वाटेत लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्राखालच्या ज्वालामुखींची रांग उठत गेली. पुढे महासागराच्या तळावरची, दोन भूपट्टांच्या सीमेवरची डोंगररांगच त्या झोतावरून सरकली, म्हणून नंतरची बेटं पलीकडच्या भूपट्टावर उगवली: मॉरिशस ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं, रियुनियन त्याहून बरंच लहान. १९८७ साली एका संशोधन जहाजानं ज्वालामुखींच्या या रांगेवर समुद्रतळ ठिकठिकाणी खोदून नमुने काढले. दक्षिणेकडे जावं तसं खडकाचं वय कमी कमी होत गेलं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, म्हणजे अंजनेरी जिथं तयार झाला ती चूल अजून पेटलेली आहे."

हो. आणि ती बघायलाच जायचंय. म्हणून समुद्रकिनारा, रिसॉर्ट, खरेदी हे सगळं डोंगरानंतर.

१२ जानेवारी २०२५

नकाशा भिंतीवर लावला. एका सहल कंपनीनं पाठवलेल्या आराखड्यात रोज सकाळी नऊला नाश्ता, दहाला बस, आणि अख्खं बेट एकाच पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलातून. तो बाजूला ठेवला. रियुनियनवर ढग सकाळी दहाच्या सुमाराला डोंगर चढतात. दहाला बसमध्ये बसणाऱ्याला दुपारी धुकं दिसतं. म्हणून पहिला नियम असा ठरला, की जो डोंगर बघायचा त्याच्या पायथ्याशी आदल्या रात्री मुक्काम.

त्यावरून मुक्काम आपोआप ठरत गेले.

प्लेन दे काफ्र, दोन ज्वालामुखींच्या मधलं पठार. इथल्या बूर-म्यूरा गावात ज्वालामुखीचं संग्रहालय आहे. इथून पहाटे निघून पा द बेलकोंब या २,३११ मीटरवरच्या कड्यावर पोचायचं. गाडी कड्याजवळच्या वाहनतळापर्यंत जाते, त्यामुळे आईला पूर्ण देखावा तिथूनच दिसेल. कड्याखाली मोठं आवार पसरलंय, आणि त्यात उतरायला पाचशेवर पायऱ्या. खाली थोड्याच अंतरावर फॉर्मिका लेओ नावाचा लालसर छोटा शंकू, तिथपर्यंत दादा-वहिनी. भाचा आणि मी पुढे ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या दोलोमियू विवराच्या काठापर्यंत जाऊ. लाव्ह्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत, त्या खुणांवरून चालायचं, जाऊन-येऊन पाच-सहा तास. एप्रिल २००७ च्या उद्रेकात या विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला. खालून लाव्हा निघून गेला आणि वरचं छत बसलं.

त्याच उद्रेकाचा लाव्हा ग्रां ब्रुले या समुद्राकडच्या उतारावरून रस्ता ओलांडून समुद्रात गेला. तो किनारी रस्ता हा दुसरा मोठा भाग. तिथं वेगवेगळ्या वर्षांचे प्रवाह शेजारी शेजारी आहेत, आणि प्रवाहाजवळ वर्षाच्या पाट्या. ताज्या काळ्या खडकावर आधी रुपेरी दगडफूल येतं, मग भेगांत नेचे, मग झुडपं. कोणत्या वर्षाच्या खडकावर काय उगवलंय हे वाचत जायचं. भूगोलाच्या शिक्षिकेला याहून चांगली वही कुठे मिळणार! पुढे सांत-रोझजवळ एक चर्च आहे. एप्रिल १९७७ ला लाव्हा नेहमीचं आवार सोडून गावात शिरला, घरं गेली, आणि चर्चच्या दारापाशी येऊन दोन्ही बाजूंनी फुटून गेला. त्या घटनेनंतर दोनेक वर्षांत वेधशाळा उभी राहिली. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, की तिथं आपण थांबायचं.

बेटाच्या मधोमध पितों दे नेज या झोपलेल्या ज्वालामुखीभोवती तीन प्रचंड खोलगट दऱ्या आहेत: सिलाओस, सालाझी आणि माफात. डोंगर आतून खचून आणि पावसानं कोरून त्या झाल्या. २०१० पासून हा सगळा गाभा जागतिक वारसा आहे. सिलाओसला दादा खूश होईल, कारण त्या दरीत, सुमारे १,२०० मीटरवर, द्राक्षं होतात आणि वाइनही करतात. इझाबेल नावाची जुनी जात तिथं मांडवावर चढवत. दादानं लगेच वहीत प्रश्न लिहून काढले: खुंट कोणता, पाणी कसं, करप्याला काय मारतात.

सालाझीत एल्बूर गाव, जुन्या लाकडी घरांचं. माफातला रस्ताच नाही. तिथली वस्ती पायवाटेवर आणि हेलिकॉप्टरनं येणाऱ्या सामानावर जगते. गुलामगिरीतून पळालेले लोक पूर्वी त्या दऱ्यांमध्ये लपून राहत, आणि माफात हे नाव त्यांच्याच एका म्होरक्याचं.

२ फेब्रुवारी २०२५

कागदपत्रं. रियुनियन फ्रान्सचा पूर्ण जिल्हा (१९४६ पासून), चलन युरो, पण शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) नाही. त्यामुळे युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथं चालत नाही. अर्ज करतानाच रियुनियनसाठीचा व्हिसा मागावा लागतो. आईचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा लागत नाही, म्हणून मुंबई–मॉरिशस आणि तिथून पाऊण तासाचं छोटं विमान, असा मार्ग. मॉरिशसला जाताना एक रात्र मुद्दाम ठेवली, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसरं चुकणार नाही.

१ मार्च २०२५

काल गारान्स चक्रीवादळ थेट रियुनियनवर, उत्तर किनाऱ्यावर धडकलं. तिथल्या इशाऱ्यांमध्ये लालच्याही वरचा जांभळा रंग असतो, आणि तो लावला म्हणजे बचाव पथकांनीसुद्धा घरातच राहायचं. जीवितहानी झाली आहे. वीज-पाणी खूप ठिकाणी गेलंय. आज सकाळपासून त्या बातम्याच बघत होतो. आई दोनदा म्हणाली, "बिचारे लोक." ज्या गावांची नावं गेले काही महिने भिंतीवरच्या नकाशात वाचतोय, ती अशी बातमीत दिसली की ओळखीच्या माणसाला लागल्यासारखं वाटतं.

पाऊस हा या बेटाचा स्थायीभावच. १९६६ च्या जानेवारीत फोक-फोक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये कोमर्सों विवराजवळ तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर. हे दोन्ही जागतिक उच्चांक आहेत. आमच्या नाशिक शहरात अख्ख्या पावसाळ्यात त्याच्या जवळपासही पाऊस होत नाही. समुद्रावरचं दमट वारं तीन किलोमीटर उंचीच्या भिंतीवर आपटतं, त्याचा हा परिणाम. इगतपुरी-त्र्यंबकला सह्याद्री जे करतो तेच, फार मोठ्या प्रमाणावर.

सप्टेंबरला वादळाचा धोका नाही. पण वादळानंतर पायवाटा महिनोन्‌महिने बंद राहतात, दरडी काढायला वेळ लागतो. म्हणून आज दोन गोष्टी ठरल्या. खोल्या फक्त रद्द करता येणाऱ्या घ्यायच्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि संपूर्ण आराखड्यात एक दिवस कोरा सोडायचा. डोंगर ज्या दिवशी उघडा मिळेल त्या दिवशी तो वापरायचा.

४ मे २०२५

ही नोंद लिहायला उशीर केला, कारण निर्णय होत नव्हता. रियुनियनवर चिकनगुनियाची मोठी साथ आहे. गेल्या ऑगस्टपासून रुग्ण निघत होते, मार्च-एप्रिलमध्ये कहर झाला. २००५-०६ च्या साथीत बेटावरच्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना तो झाला होता. त्याच २००६ साली आपल्याकडे मालेगाव परिसरातही साथ होती. आमच्या मालेगावच्या आत्याबाईंचे सांधे त्यानंतर कित्येक महिने धरलेले होते, हे घरात सगळ्यांना आठवतं.

आई ६८ वर्षांची. तिकडं एप्रिलमध्ये लसीकरण सुरू झालं, पण वयस्कर लोकांमध्ये गंभीर दुष्परिणाम दिसल्यावर फ्रान्सच्या आरोग्य यंत्रणेनं एप्रिलच्या अखेरीस ६५ वर्षांवरच्यांना ती लस देणं थांबवलं. म्हणजे आईच्या बाबतीत लस हा पर्यायच नाही. उरतो तो डासांपासून बचाव.

आमच्या डॉक्टरांशी सविस्तर बोलले. हा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि थंडी वाढली की त्याचा जोर ओसरतो. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. आमचे बहुतेक मुक्काम हजार मीटरच्या वर आहेत, तिथं रात्री गारठा असतो. तरी निर्णय आईवर सोडला. ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये परत बघू. साथ असेल तर मी राहीन घरी, तुम्ही जा." दादा म्हणाला, "तू नाही तर कुणीच नाही." तिकिटं त्या हिशेबानं घेतली, तारीख बदलता येणारी. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डास पळवायचं मलम यादीत वर गेलं.

१ जून २०२५

आईच्या जेवणाची आणि तिच्या दिवसाची आखणी.

आई शाकाहारी, अंडंही नाही. फ्रेंच बेट म्हटल्यावर सगळ्यांना काळजी होती, पण अभ्यास केल्यावर ती गेली. तिथं रोजच्या जेवणात भात असतो, सोबत घेवडा किंवा मसूर, पालेभाजी आणि तिखट चटणी. सिलाओसचे बारीक मसूर तर प्रसिद्धच. सालाझीत शूशू नावाची वेलीवरची फळभाजी घराघरांवर चढलेली असते. भिजवून वाटलेल्या कडधान्यात मिरची घालून तळलेले छोटे वडे सकाळी गाड्यांवर मिळतात. एवढंच बघायचं, की सॉसेज घातलेला रस्साही तितकाच सर्रास असतो, म्हणून विचारून घ्यायचं. भाच्यानं "मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही" हे फ्रेंचमध्ये पाठ केलंय. वहिनी मेतकूट, भाजणी आणि दाण्याची चटणी बांधून घेणार आहे.

आईचा दिवस पूर्वेकडच्या सां-आंद्रेला. २० डिसेंबर १८४८ ला तिथली गुलामगिरी संपली आणि ऊसमळ्यांसाठी दक्षिण भारतातून करारावर हजारो मजूर नेले गेले. त्यांचे वंशज आज बेटावर मोठ्या संख्येनं आहेत. त्यांची रंगीत गोपुरांची देवळं सां-आंद्रेत आहेत, कावडी निघते, निखाऱ्यावरून चालण्याचं व्रत होतं. गुजराती मुसलमान व्यापारीही गेले. सां-दनीतली त्यांची १९०५ ची मशीद फ्रान्सच्या हद्दीतल्या सगळ्यात जुन्या मशिदींपैकी आहे. आईला देवळात जायचंच आहे. तिनं विचारलं, "त्या लोकांना परत यायला मिळालं का?" काही आले, बहुतेक तिथंच राहिले. ती म्हणाली, की मग ओटी भरायचं सामान घेऊन जाऊ.

त्याच भागात व्हॅनिला. १८४१ मध्ये एदमों आल्बियूस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीच्या टोकानं पडदा उचलून अंगठ्यानं व्हॅनिलाच्या फुलाचं परागीभवन करून दाखवलं. मेक्सिकोबाहेर या वेलीला शेंगा धरत नव्हत्या. त्याच्या रीतीनं जगभर धरू लागल्या, आणि आजही हातानंच करतात. त्याला स्वतःला त्यातून काही मिळालं नाही, गरिबीत गेला. दादा हे ऐकून म्हणाला, बागेत काम करणाऱ्या माणसाच्या हाताला काय कळतं ते पुस्तकवाल्याला कळत नाही. वहिनी केकसाठी शेंगा आणणार, त्यामुळे तिथल्या बागेसाठी अर्धा दिवस.

२९ जून २०२५

गाडी भाड्यानं घ्यायची. आरटीओतून दादाचा आणि माझा आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं. सिलाओसच्या घाटाला चारशेवर वळणं आहेत. तो फक्त दिवसा आणि फक्त दादा.

समुद्राचं एकदाचं ठरवून टाकलं. २०११ पासून शार्कचे हल्ले वाढले, म्हणून २०१३ पासून प्रवाळ भिंतीच्या आतलं शांत पाणी आणि पहारा असलेले पट्टे सोडून कुठंही पोहायला बंदी आहे. आपण फक्त पश्चिमेच्या लेर्मिताजच्या उथळ पाण्यात उतरायचं, तेही परतीच्या आधीच्या दुपारी. देवमासे बोटीतून बघायचे. तो वेळ मायदोच्या कड्यानंतर: पहाटे २,२०० मीटरवरून माफातची दरी बघून ढग येईपर्यंत खाली समुद्रावर.

नाशिकहून विमानतळावर जायचं आता सोपं झालंय. ५ जूनला समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा सुरू झाला, कसाऱ्याच्या डोंगरातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. म्हणजे आमचा प्रवास सुरूच होणार बेसाल्टच्या पोटातून. भाच्यानं आराखड्यात ते पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणून लिहिलंय.

१२ ऑगस्ट २०२५

काल तिसरा श्रावणी सोमवार. भाचा, वहिनी आणि मी ब्रह्मगिरीची फेरी केली. रात्री निघालो, पाऊस होताच. चिखल, ओले दगड, हजारो माणसं "बम बम भोले" म्हणत चाललेली. माफातला जायचे बूट मुद्दाम घातले होते. वहिनीच्या टाचेला फोड आला, तिचे बूट बदलायचे. भाचा पूर्ण ठीक.

माफातचं आता पक्कं: कोल दे बफ खिंडीतून ला नुव्हेल वस्तीपर्यंत दोन तासांची उतरण, एक रात्र तिथल्या गीतमध्ये (ट्रेकर्सची राहायची साधी जागा, जेवणासह), दुसऱ्या दिवशी चढून परत. आम्ही तिघं. दादा आणि आई एल्बूरला. आईनं हेलिकॉप्टरचं नाव काढलं होतं; दर कळल्यावर तिनंच नको म्हटलं, पण दादा अजून विचार करतोय असं मला दिसतंय.

साथ ओसरली आहे. डॉक्टरांनी आईला जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. व्हिसा सगळ्यांचे आले.

थंडीचे कपडे: पा द बेलकोंबला पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो, म्हणून जानेवारीतल्या निफाडला जे घालतो ते सगळं, वर वाऱ्यासाठी जाकीट.

३१ ऑगस्ट २०२५

आज गौरी आल्या. घर पाहुण्यांनी भरलंय, त्यामुळे नोंद थोडक्यात.

अंतिम कागद छापला, प्रत्येकाच्या बॅगेत एक. दिवसांची क्रमवारी मुद्दाम पेन्सिलीनं लिहिली आहे. ज्वालामुखीचा दिवस प्लेन दे काफ्रला पोचल्यावर, आदल्या संध्याकाळचा हवामान अंदाज बघून ठरेल; जमलं नाही तर कोरा दिवस तिथंच खर्च करायचा, आणि त्यासाठी किनाऱ्याची दुपार गेली तर जाऊ द्यायची. हे सगळ्यांना मान्य आहे, आईलासुद्धा. आवार बंद असलं तर कड्यावरून बघायचं, दोर ओलांडायचा नाही. उद्रेक झालाच तर वेधशाळा आणि पोलिस सांगतील त्या ठिकाणाहूनच.

राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायचा नाही. भाच्यानं हिरव्या कणांचे जवळून फोटो घ्यायला भिंग विकत घेतलंय. अंजनेरीच्या झिओलाइटचे फोटो त्याच्या फोनमध्ये आहेतच. दोन्ही शेजारी ठेवून माझ्या नववीच्या वर्गाला दाखवायचे आहेत.

दादानं गड्यांना फवारणीचं वेळापत्रक लिहून दिलं. आईनं श्राद्धाच्या भाज्यांची यादी फ्रीजवर लावली, म्हणजे परतल्यावर बाजारात घाई नको. राहिलं: वहिनीचे बूट, युरो बदलून घेणं, आणि गाडी भाड्यानं देणाऱ्यांना दोन चालकांची नावं कळवणं. हे उद्या गौरीपूजन झाल्यावर मी करते.